दोन अंश, सहा अंश: ‘टेक्सास’ युद्धनौकेच्या गळतीचं प्रकरण

१५ जून १९४४. ‘यूएसएस टेक्सास’ नॉर्मंडीच्या किनाऱ्यापुढे उभी होती. नऊ दिवसांपूर्वी उतरलेलं दोस्तांचं सैन्य एव्हाना बरंच आत सरकलं होतं आणि नौकेच्या १४ इंची तोफांचा मारा तिथवर पोहोचेना. तोफांच्या नळ्या ठरावीक मर्यादेपलीकडे वर होत नव्हत्या. तेव्हा नौकेवरच्या लोकांनी शक्कल लढवली. उजव्या कुशीच्या पोकळ कप्प्यांत त्यांनी मुद्दाम समुद्राचं पाणी घेतलं. नौका दोन अंश कलली, तोफांची तोंडं तेवढी उचलली गेली आणि गोळे हवे तिथे पडू लागले.

त्यानंतर ७३ वर्षांनी, जून २०१७ मध्ये, हीच नौका पुन्हा उजवीकडे कलली. या वेळी सहा अंश, आणि कुणाच्याही हुकमाविना. ती ह्यूस्टनजवळ एका खाडीत बांधलेली होती. शाळेच्या सहली यायच्या, तिकीट काढून लोक तोफांसमोर फोटो काढायचे. पाण्याच्या पातळीखाली सुमारे पंधरा फुटांवर पत्र्याला सहा इंच बाय आठ इंचांचं भोक पडलं होतं. पंप मिनिटाला सुमारे २,००० गॅलन, म्हणजे साडेसात हजार लिटर पाणी उपसत होते. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर दीड मिनिटाच्या आत रिकामा व्हावा, तो वेग.

या दोन कलण्यांच्या मधे काय घडलं आणि दुसऱ्या कलण्यानंतर काय करायचं ठरलं, ते हे प्रकरण. लढाईचा भाग मी थोडक्यात उरकणार आहे. मला यात रस आहे तो गंजाचा आणि पैशाचा.

नौका कोणती

‘टेक्सास’ १९१२ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथे पाण्यात उतरली आणि १२ मार्च १९१४ रोजी अमेरिकी नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १७५ मीटर, वजन २७,००० टन, पाच बुरुजांत दोन-दोन अशा १४ इंची दहा तोफा. सुरुवातीला ती कोळशावर चालायची. पहिल्या महायुद्धात ती ब्रिटिशांच्या ग्रँड फ्लीटबरोबर उत्तर समुद्रात होती. १९२५-२६ मध्ये तिचे बॉयलर तेलावर आणले, आणि पाणतीर (टॉर्पेडो) लागला तर त्याचा धक्का मूळ सांगाड्यापर्यंत पोचू नये म्हणून दोन्ही कुशींना लांबच लांब पोकळ कप्पे जोडले. इंग्रजीत त्यांना ‘ब्लिस्टर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः फोड. नॉर्मंडीत पाणी भरलं ते याच फोडांत, आणि पुढे गळले तेही हेच.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, नॉर्मंडी, शेर्बुर, मग पॅसिफिकमध्ये इवो जिमा आणि ओकिनावा. ६ जून १९४४ च्या सकाळी नॉर्मंडीतल्या पॉइंट द्यु ऑकच्या कड्यावर तिने ३४ मिनिटांत १४ इंची २५५ गोळे टाकले. १९ दिवसांनी शेर्बुरसमोर जर्मन तोफांनी तिला गाठलं. एका गोळ्याने सुकाणूवरचा नाविक मारला गेला. दोन महायुद्धांत शत्रूच्या माऱ्याने या नौकेवर झालेला तो एकमेव मृत्यू. दुसरा एक गोळा आत घुसला, पण फुटलाच नाही.

दोन्ही महायुद्धं लढलेली, ड्रेडनॉट (एकाच मापाच्या अनेक मोठ्या तोफांच्या नौका) जमान्यातली अशी युद्धनौका आज जगात ही एकच उरली आहे. तिची सख्खी बहीण ‘न्यूयॉर्क’ १९४६ मध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांजवळच्या दोन अणुचाचण्यांत लक्ष्य म्हणून ठेवली होती. त्या दोन्ही स्फोटांतून ती तरली, तेव्हा १९४८ मध्ये नौदलाने तिला हवाईजवळ सरावाच्या माऱ्यात बुडवलं.

वर्गणी काढून आणलेली नौका

‘टेक्सास’ वाचली ती टेक्सास राज्याच्या हौसेमुळे. बाल्टिमोरहून तिला ओढून आणायला सव्वादोन लाख डॉलर लागणार होते. वर्गणी काढली गेली, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. २१ एप्रिल १९४८ रोजी ह्यूस्टनजवळच्या सॅन हासिन्तो इथे ती राज्याच्या ताब्यात आली. १८३६ मध्ये त्याच तारखेला त्याच जागी टेक्सासने मेक्सिकोशी स्वातंत्र्याची लढाई जिंकली होती, म्हणून मुहूर्त तो. कायमस्वरूपी संग्रहालय झालेली ही अमेरिकेतली पहिली युद्धनौका.

प्रकरणातली मूळ चूक मला या गोड दिवसातच दिसते. वर्गणी निघाली ती नौका आणण्यासाठी. ती सांभाळायची कशी, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. कारभार एका आयोगाकडे दिला. त्याने तिकिटांवर आणि देणग्यांवर जमेल तसं भागवायचं होतं.

जहाज ही इमारत नव्हे, हे कागदावर सगळ्यांना ठाऊक असतं. इमारतीचा पाया जमिनीत असतो आणि गळतं ते छप्पर. जहाजाचा पायाच पाण्यात असतो. चालू जहाज दर दोन-चार वर्षांनी गोदीत घेतात, तळ खरवडतात, रंगवतात, पातळ झालेला पत्रा बदलतात. संग्रहालय झालं की हे सगळं थांबतं. इंजिन बंद म्हणजे आतली ऊब गेली, आणि ऊब गेली की दमटपणा मुक्कामाला येतो. नाविक गेले म्हणजे दररोज कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवणारे हजार-दीड हजार लोक गेले. खाडीचं पाणी अर्धं खारं, अर्धं गोडं. सगळ्यात वाईट अवस्था होते ती पाण्याच्या रेषेलगतच्या पट्ट्याची, जिथे पत्रा कधी ओला, कधी सुका, आणि हवा भरपूर. कोकणातल्या कुठल्याही ट्रॉलरमालकाला विचारा, पत्रा आधी कुठे खातो ते तो बोट ठेवून दाखवेल.

तळाला असं पाणी खात होतं, तर वरून पाऊस. लाकडी डेक कुजला, पावसाचं पाणी आत झिरपू लागलं. नवीन लाकडाला पैसे नव्हते. म्हणून १९६८ मध्ये आयोगाने लाकूड काढून डेकवर काँक्रीट ओतलं. हा निर्णय वाचताना मला आपल्या जुन्या चाळींच्या गच्च्या आठवतात. गळतंय ना, मग घाला वरून आणखी एक थर! काँक्रीटला भेगा पडल्या, भेगांतून पाणी शिरलं, आणि आता ते काँक्रीटच्या खाली, पोलादाच्या पत्र्यावर, कुणाला दिसणार नाही असं साचून राहू लागलं. लाकडाखालची गळती निदान दिसत होती.

आयोग हटवून १९८३ मध्ये नौका राज्याच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याकडे सोपवली गेली. खात्याने तपासणी करून घेतली आणि मग धावपळ सुरू झाली. डिसेंबर १९८८ मध्ये तिला गॅल्व्हस्टनच्या सुक्या गोदीत नेलं. म्हणजे संग्रहालय झाल्यापासून ४० वर्षांनी पहिल्यांदा तिच्या तळाला माणसाचा हात लागला. तोवर ती चिखलात इतकी रुतली होती की टग (ओढणाऱ्या बोटी) लावूनही सुटता सुटेना. गोदीत पत्रे बदलले, डेकवरचं काँक्रीट फोडून पुन्हा लाकूड बसवलं, १९९० मध्ये ती परत आली. काम चांगलं झालं होतं. पण पुढची गोदी कधी आणि कुणाच्या पैशांनी, हा रकाना पुन्हा कोराच राहिला.

चार वाटा

२००० नंतर गळती वाढत गेली. जून २०१० मध्ये एक पंप बंद पडला आणि नौका दोन-तीन फूट खाली बसली. जून २०१२ मध्ये एकामागून एक नवी भोकं सापडली. पाणबुडे ठिगळं लावायचे. पण पत्रा इतका पातळ झालेला की ठिगळाच्या काठाशीच नवं भोक पडायचं.

राज्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट, चाललंय तसं चालू द्यायचं. पंप, वीज, पाणबुडे, ठिगळं. कुठलाच मोठा निर्णय घ्यावा लागत नसल्याने सरकारी खात्याला ही वाट नेहमीच मानवते. फक्त एका रात्री वीज गेली आणि जनरेटर लागला नाही, की संग्रहालय तळाला.

दुसरी वाट, नौकेला पाण्याबाहेर कायमचं बसवायचं. जपानने आपली ‘मिकासा’ अशीच राखली आहे. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतलं अॅडमिरल तोगोचं हे जहाज योकोसुकाला काँक्रीट आणि मातीत रोवून बसवलंय, १९२६ पासून. आशियातल्या एका देशाने युरोपातल्या सत्तेला हरवल्याची ती बातमी तेव्हा पुण्या-मुंबईतही मोठ्या उत्साहाने वाचली गेली होती. टेक्सासच्या मतदारांनी २००७ मध्ये सरकारी रोख्यांना मंजुरी दिली, त्यातले अडीच कोटी डॉलर या नौकेच्या कायमच्या कोरड्या तळासाठी होते. बेत असा की सध्याच्या जागेभोवती भिंत उभारायची, पाणी उपसायचं आणि नौका आधारांवर टेकवायची.

इथे एक तांत्रिक मेख आहे, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभाही इथेच आहे. पाण्यात तरंगणाऱ्या जहाजाला पाणी सगळीकडून सारखा आधार देतं. ते कोरड्यावर टेकवलं की २७,००० टनांचा भार तळाच्या मोजक्या ठोकळ्यांवर येतो, आणि ठोकळ्यांवरून आतल्या पोलादी फासळ्यांवर. फासळ्याच सडलेल्या असतील तर जहाज स्वतःच्याच वजनाने खाली खचतं. म्हणजे कोरडं करायचं असेल तर आधी आतून मजबूत करायला हवं, आणि तेही ती गळत असताना, इंजिनखान्याखालच्या अंधाऱ्या, तेलकट कप्प्यांत वाकून. रोख्यांचा पैसा शेवटी या आतल्या कामातच गेला. कोरडा तळ झालाच नाही, बेत गुंडाळला गेला. वर्तमानपत्रांत हे अपयश म्हणून आलं. मला तसं वाटत नाही. त्या फासळ्या तेव्हा बदलल्या नसत्या तर पुढे तिला कुठल्याही गोदीत ठोकळ्यांवर उभं करण्याची हिंमत कुणी केली नसती.

तिसरी वाट भंगाराची. ती फुकट नव्हती. इतक्या जुन्या नौकेत अॅस्बेस्टॉस असतं, टाक्यांत जुनं तेल असतं. ते काढल्याशिवाय अमेरिकेत तोडू देत नाहीत, आणि तोडायलाही तिला गळत्या अवस्थेतच ओढून न्यावं लागलं असतं. शिवाय राज्याच्याच नावाची नौका भंगारात काढणारा आमदार पुढच्या निवडणुकीत काय तोंड दाखवणार?

चौथी वाट, तिला पुन्हा गोदीत नेऊन कुशी नव्याने बांधायच्या. यात धोका सरळ होता. गोदी ४० मैलांवर होती आणि वाटेत नौका बुडाली तर ह्यूस्टनचा जहाजमार्ग अडणार होता. अमेरिकेतल्या तेल आणि रसायनांच्या वाहतुकीची ही एक मोठी धमनी. संग्रहालय झालेल्या ‘नॉर्थ कॅरोलिना’ युद्धनौकेच्या लोकांनी नेमका हाच प्रवास टाळण्यासाठी नौकेभोवती बांध घालून जागच्या जागीच तळ दुरुस्त केला होता.

निर्णय आणि त्याची अट

२०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने चौथी वाट निवडली आणि साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले. पण अट घातली. नौका राज्याच्या मालकीची राहील, कारभार मात्र ‘बॅटलशिप टेक्सास फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे ९९ वर्षांच्या कराराने जाईल. संस्थेने दुरुस्ती करून घ्यायची, नवी जागा शोधायची आणि तिथून पुढे आपला खर्च आपण भागवायचा.

नवी जागा कशासाठी? आकड्यांसाठी. सॅन हासिन्तोची जागा पवित्र खरी, पण आडवाटेला आहे. चहूकडे तेलशुद्धीकरण कारखाने. ह्यूस्टनला आलेल्या पाहुण्यांना आपली मराठी मंडळी नासा दाखवतात, तिथून फारतर गॅल्व्हस्टनच्या समुद्रावर नेतात. या नौकेकडे वाट वाकडी करून जाणारे थोडेच. वर्षाला सुमारे ८० हजार लोक यायचे. आपल्या पायांवर उभं राहायला तीनेक लाख लागतील, असा संस्थेचा अंदाज होता. तिकीट विकून नौका जगवायची तर नौकेनेच गिऱ्हाईक असेल तिथे जायला हवं. इतिहासप्रेमींना ही भाषा रुचली नाही. मला ती प्रामाणिक वाटते. निदान १९४८ नंतर पहिल्यांदा कुणीतरी खर्चाचा रकाना उघडला होता.

फेसावर तरंगत

ऑगस्ट २०१९ मध्ये नौका लोकांसाठी बंद झाली. आता प्रश्न असा की चाळणी झालेली नौका ४० मैल ओढायची कशी? सगळी भोकं बुजवणं अशक्य होतं. मग उलटा विचार झाला. भोकं राहू देत, पाण्याला आत जागाच ठेवायची नाही. कुशीच्या कप्प्यांत फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेन फेस भरला. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट बुजवायला सुतार डब्यातून मारतो तसला, फक्त इथे मोठमोठ्या टाक्या भरून. पाणी बाहेर ढकललं गेलं आणि त्याची जागा फेसाने घेतली. मिनिटाला दोन हजार गॅलनची गळती विसाच्याही खाली आली.

काहींनी यालाही नावं ठेवली, कारण हा फेस पुढे गोदीत खरवडून काढावा लागणार होता. बरोबर आहे. पण हा १९६८ च्या काँक्रीटसारखा थर नव्हता. काँक्रीट ओतणाऱ्यांना वाटलं होतं की दुखणं मिटलं. फेस भरणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की आपण फक्त एका प्रवासाची सोय करतोय.

३१ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे टगांनी तिला हलवलं. काठावर लोक झेंडे, दुर्बिणी आणि घडीच्या खुर्च्या घेऊन बसले होते. दिवस मावळायच्या आत ती गॅल्व्हस्टनला पोचली आणि तिथल्या तरंगत्या गोदीत शिरली. ही गोदी म्हणजे एक प्रचंड तरंगता ट्रे. त्यात पाणी घेऊन ती खाली बुडवायची, जहाज आत ओढायचं, पाणी उपसून दोघांना एकत्र वर उचलायचं. नौका वर आली तेव्हा तिच्या कुशींचे फोटो जगभर फिरले. शिंपल्यांचे थर, आणि पत्र्याला इतकी भोकं की पलीकडचा फेस दिसावा.

पुढचं दीड वर्ष कापणं आणि जोडणं. सडलेले ब्लिस्टर कापून टाकून नवे बांधले. उघडल्यावर काम वाढलं, तसा खर्चही वाढला. जुनं घर दुरुस्तीला काढलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये. तिला १९४५ च्या पॅसिफिक मोहिमेतला गडद निळा रंग पुन्हा दिला. ५ मार्च २०२४ रोजी ती गोदीतून बाहेर आली आणि उरलेल्या कामांसाठी तिथेच धक्क्याला लागली.

जागेचा प्रश्न मात्र सुटता सुटेना. बेटाउन, बोमाँट, गॅल्व्हस्टन अशी नावं पुढे आली. युद्धनौका आपल्या गावात हवी असं सगळेच म्हणत, पण गाळ कोण उपसणार, धक्का कोण बांधणार, गाड्या कुठे लावणार, हे विचारलं की आवाज खाली यायचा. गॅल्व्हस्टन ठरलं, तिथेही धक्का कुठला यावर वाद. एक जागा जवळच्या हॉटेलवाल्यांना पटेना. पावणेदोनशे मीटरची नौका समोर आली तर जेवायला बसणाऱ्यांना समुद्र दिसणार कसा!

आपल्याकडचं पान

मुंबईकर वाचकाच्या मनात एव्हाना जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ आली असेल, म्हणून दोन शब्द. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती, २००१ पासून संग्रहालय, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव आणि त्याच नोव्हेंबरात दारूखान्यात तोडायला सुरुवात. मधल्या काळात राज्य सरकार खासगी भागीदार शोधत राहिलं, नौदल तिला आपल्या गोदीत जपत राहिलं. कोर्टकज्जे झाले ते सगळ्यात शेवटी. पुढे विमानवाहू ‘विराट’साठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा संग्रहालय प्रकल्प मंजूर केला, २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगला तोडायला गेली. विशाखापट्टणमने मात्र ‘कुरसुरा’ ही पाणबुडी वाळूवर ओढून २००२ मध्ये संग्रहालय केलं आणि ते चालू आहे. पाणबुडी लहान, आणि ती जमिनीवर. हा फरक क्षुल्लक नाही.

विक्रांत गेली ती लोकांना माया नव्हती म्हणून, असं म्हणायचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. नौदल सप्ताहात तिच्यासाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना तर मुळीच पटणार नाही. माया टेक्सासमध्येही होती, ४० वर्षं होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत पत्रा चाळणी झाला. फरक एवढाच, की तिथे नौका कायम एका मालकाच्या नावावर होती. तो मालक कंजूष होता, आळशी होता, पण तो ‘हे आमचं नाही’ असं म्हणू शकत नव्हता. विक्रांतचं ओझं नौदल, संरक्षण मंत्रालय, राज्य सरकार आणि कधीच न आलेला भागीदार यांच्यात टोलवलं जात राहिलं.

जे अजून ठरायचंय

फाउंडेशनचं गणित तीन लाख पर्यटकांवर उभं आहे. गॅल्व्हस्टनला मोठी क्रूझ जहाजं लागतात, समुद्रावर गर्दी असते, त्यामुळे आकडा अशक्य नाही. पण त्याच किनाऱ्यावर दर काही वर्षांनी चक्रीवादळ येतं. १९०० च्या वादळात या शहरातली हजारो माणसं गेली. दोरखंड, खांब आणि धक्का त्या हिशेबाने बांधावे लागतील, आणि तो खर्च तिकिटाच्या खिडकीवर दिसत नाही.

दुसरं, गोदी. फिलाडेल्फियात २०२४ मध्येच ‘न्यू जर्सी’ युद्धनौका तीन दशकांनंतर गोदीत घेतली, तीन महिन्यांत काम उरकून ती जूनमध्ये आपल्या जागी परतली. कारण तिचा तळ अजून धड होता आणि त्या लोकांनी भोक पडायची वाट पाहिली नव्हती. ‘टेक्सास’ने संग्रहालय झाल्यावर पहिली गोदी पाहिली ती ४० वर्षांनी, आणि दुसरी त्यानंतर ३४ वर्षांनी. नव्या कुशी आज कोऱ्या आहेत, रंग ताजा आहे. तिसऱ्या गोदीसाठी दरवर्षी किती डॉलर बाजूला पडणार, ते फाउंडेशनला नौका दुरुस्त असतानाच ठरवावं लागणार आहे. ज्या वर्षी पर्यटक कमी येतील, त्या वर्षीसुद्धा.